इंजिन बदलण्याआधी जुनं कशाने गेलं ते दाखवा

खानदेशातले डिझेल मिस्तरी, लेथवाले, रेडिएटरवाले आणि जुनी इंजिनं विकणारे व्यापारी बंधू, तुम्हा सगळ्यांना रामराम.

मी शहादा तालुक्यातला शेतकरी. पपई आणि ऊस करतो. दारात १९९६ सालची महिंद्राची फोर-व्हील जीप आहे. तिच्या पाटीवर अजून एमएच १८ च आहे, कारण ती पासिंग झाली तेव्हा आमचा तालुका धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. आबांनी ही जीप २००३ मध्ये घेतली आणि त्यांच्या माघारी ती माझ्याकडे आली. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावरून पपईचे क्रेट बाहेर काढायचे असोत, की सातपुड्यातल्या अक्राणी तालुक्यातल्या पाड्यांवरून मजूर आणायचे आणि परत सोडायचे असोत, या कामाला आमच्याकडे दुसरी गाडी चालत नाही. ट्रॅक्टर घाट चढायला नको वाटतो आणि पिकअप चिखलात रुतते.

दोन वर्षांच्या आत या जीपची दोन इंजिनं बसली, म्हणजे जाम होऊन बंद पडली. दोन्ही एकाच कारणाने बसली. पहिल्या वेळीच ते कारण कोणी शोधलं असतं, तर दुसरं इंजिन आजही चालत राहिलं असतं. माझं तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. बसलेलं इंजिन खाली उतरवलं की दुसरं चढवण्याआधी ते कशाने बसलं हे शोधा, आणि मालकाला बोलावून डोळ्यांनी दाखवा.

काय घडलं ते आधी सांगतो.

मे महिना होता. सातपुड्यावरच्या तोरणमाळला नात्यातल्या एकाचं घराचं काम निघालं होतं, म्हणून जीपमध्ये सिमेंटच्या दहा गोण्या आणि पाइप भरून निघालो. म्हसावद, राणीपूर मागे पडलं. दुपारचे दोन वाजले होते आणि गरम हवा काचेतून तोंडावर येत होती. सात पायरी घाटात मी दुसऱ्या गिअरमध्येच गाडी दाबत नेली. पहिला टाकायला हवा होता, ही चूक माझी. पाण्याचा काटा चढत चढत लाल रेघेपर्यंत गेला. जागा बघून थांबावं असा विचार करत होतो, तोवर काटा आपोआप खाली उतरला. मला हायसं वाटलं. वळणावर वारा लागला असेल, गार झाली असेल, असं समजून मी पुढे चालवत राहिलो. पाच-सात मिनिटांनी गाडीची ओढ गेली, बॉनेटखालून करकर आवाज आला आणि इंजिन जागेवर थांबलं. चावी फिरवली तर स्टार्टर नुसता टक करून गप्प. इंजिन बसलं होतं.

काटा का उतरला, हे मला पुढे वर्षभराने एका म्हाताऱ्या मिस्तरींनी सांगितलं. "काटा पाण्याचा ताप सांगतो, इंजिनाचा नाही. पाणीच उडून गेलं, तर त्याला शिवायला काय उरलं?" सेन्सरला पाणी लागत नव्हतं, म्हणून काटा पडला होता. घाटात चढलेला काटा अचानक खाली येणं ही सगळ्यात वाईट खूण असते, हे गाडी चालवणाऱ्या शंभरातल्या किती जणांना माहीत असेल? तुम्हाला माहीत आहे. गाडी सर्व्हिसिंगला आली की तेवढं एक वाक्य सांगत जा. मला कोणी सांगितलं असतं तर मी त्या वळणावरच चावी बंद केली असती.

गाडी ओढून खाली आणली. ज्या गॅरेजात नेली तिथल्या मिस्तरींचा हात चांगला आहे आणि माणूसही भला आहे, म्हणून नाव घेत नाही. त्यांनी बॉनेट उघडलं, क्रँकच्या पुलीला पाना लावून पाहिला, पुली हलेना. म्हणाले, "भाऊ, याच्यात पैसे घालू नका. कटिंगचं फुल इंजिन टाकून देतो, चालू गाडीतून काढलेलं आहे." कटिंगचं म्हणजे मोडीत काढलेल्या गाडीचं. पपईचा माल तयार होता, व्यापारी दारात उभा होता. मी हो म्हटलं. लिंबाच्या फांदीला चेन पुली लावून इंजिन उचललं आणि अकराव्या दिवशी गाडी घरी आली. बावन्न हजार गेले.

माझं जुनं इंजिन त्याच संध्याकाळी भंगारच्या टेम्पोत चढलं. त्याचं हेड, म्हणजे सिलेंडरांवरचं झाकण, कोणी काढलं नाही. चेंबर, म्हणजे खालची ऑइलची टाकी, कोणी उघडला नाही. रेडिएटर जुनाच, होसपाइप जुनेच, वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, जुन्या इंजिनाची काढून नव्याला लावली, कारण ती "चांगली दिसत होती". नव्या इंजिनात घरच्या बोअरचं पाणी भरलं आणि मी निघालो.

ते इंजिन दहा महिने चाललं.

दुसऱ्या वेळी होळी दोन दिवसांवर आली होती. सातपुड्यातल्या माणसाला होळी म्हणजे काय, हे खानदेशात वेगळं सांगायला नको. ऊसतोडीला आलेला मजूर कितीही लांब असला तरी होळीला पाड्यावर पोचतोच. भोंगऱ्याचा, म्हणजे होळीआधीचा, बाजार करून सगळे निघाले होते. जीपमध्ये आठ माणसं, दोन लेकरं, ज्वारीची गोणी, नवे कपडे आणि एक मोठा ढोल. घाटाच्या मध्यावर उकडल्यासारखा वास आला. या वेळी मी लगेच थांबलो, पण उशीर झाला होता. रेडिएटरच्या झाकणातून वाफ येत होती आणि इंजिनातून खडखड. संध्याकाळचे पाच वाजलेले. त्यातले म्हातारे बाबा म्हणाले, "राहू दे दादा, गाडीचं बघ तू. आम्ही जातो पायी." डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं आणि एकाच्या पाठीवर ढोल, अशी ती माणसं माझ्यासमोरून चढावर चालत गेली. मी पैसे परत देत होतो, ते त्यांनी घेतले नाहीत. तो ढोल वळणाआड दिसेनासा होईपर्यंत मी बघत उभा होतो. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

या वेळी मी गाडी अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या एका वयस्कर मिस्तरींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. खाट दिली, पाणी दिलं आणि विचारत बसले. रोज किती पाणी टाकायचे? कोणतं? सकाळी चालू करताना धूर पांढरा की काळा? ऑइलची काडी पुसून पाहिली होती का, रंग कसा होता? बेल्ट कधी बदलला? मी म्हटलं, "मिस्तरी, इंजिन कुठून आणायचं ते सांगा ना." ते म्हणाले, "पहिले काय व्हयनं ते देखू. इंजिन मंग."

पुढचे दोन दिवस त्यांनी जे केलं ते मी शेजारी बसून पाहिलं.

चेंबरचं ऑइल त्यांनी धुतलेल्या घमेल्यात काढलं आणि उन्हात धरलं. चहात साय ढवळावी तसा रंग. म्हणजे पाणी ऑइलात उतरलं होतं. हेड उतरवून त्यावर पोलादी पट्टी उभी ठेवली आणि खालून फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती सरकवली. मधल्या दोन सिलेंडरांच्या बरोबर मध्ये पाती आरपार गेली. हेड वाकलं होतं आणि त्याच जागी गॅस्केट जळून काळी वाट पडली होती. मग पिस्टन काढून गोणपाटावर ओळीने मांडले आणि प्रत्येकावर खडूने नंबर टाकला. तिसरा हातात घेऊन त्यांनी माझ्या हातात दिला. पिनच्या दोन्ही अंगांना, चारही कोपऱ्यांवर, लोखंडी ब्रशने ओरबाडल्यासारखे उभे चरे होते. वरच्या दोन रिंगा खाचेत चिकटलेल्या, नखाने हलेनात. "पिस्टन फुगला. जागा उरली नाही, म्हणून लायनरला घासला," ते म्हणाले. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी. शेवटी क्रँकच्या बेअरिंगच्या वाट्या काढून दाखवल्या. त्या राखाडी आणि एकसारख्या होत्या, तांबं कुठेच उघडं पडलं नव्हतं. "बघ, ऑइलने नाही मेलं. तापाने मेलं."

आता ताप कुठून आला, ते शोधायचं होतं. रेडिएटर काढला आणि वरच्या तोंडात पाण्याची नळी लावली. खालच्या तोंडातून जेवढं धो-धो पडायला हवं त्याच्या निम्मंही पडेना, बाकीचं वरूनच सांडायला लागलं. रेडिएटरवाल्याकडे नेऊन वरची टाकी झाळ सोडवून उघडली. आत पितळी नळ्यांची तोंडं पांढऱ्या क्षाराने बुजली होती. आमच्याकडे चहाच्या पातेल्याच्या बुडाला जो थर धरतो, तोच. बोअरचं पाणी जड, आणि वीस वर्षं तेच पाणी उकळत आलेलं. वॉटर बॉडी उघडली, तर आतल्या चक्राची पाती गंजून एवढीशी उरलेली. बाहेरून ती फिरताना दिसायची, आत पाणी जेमतेम ढकलायची. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम झाल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप. त्याच्या घरात बोट घातलं तर घर रिकामं. कोणत्या तरी उन्हाळ्यात कोणी तरी काढून टाकला असणार.

थर्मोस्टॅटबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे. गाडी तापते म्हणून आली की पहिलं काम तो काढून फेकायचं. पण ज्या इंजिनात बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट असते, तिथे गरम झाल्यावर ती वाट बंद करण्याचं कामही थर्मोस्टॅटच करतो. तो काढला की पाण्याचा बराच भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच गोल फिरतो. गाडी एरवी थंड राहते आणि घाटात जास्त तापते. शिवाय थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, ते लायनरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन चेंबरमध्ये उतरतं आणि सिलेंडरचा बोअर लवकर झिजतो. थर्मोस्टॅट खराब असेल तर नवा टाका. मालक नको म्हणाला तरी टाका.

तसंच रेडिएटरचं झाकण. तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाची स्प्रिंग आतलं पाणी दाबून धरते, म्हणून ते शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. माझ्या झाकणाचं रबर फाटलं होतं. कितीशी किंमत त्या झाकणाची! पहिल्या इंजिनावरही तेच झाकण होतं आणि दुसऱ्यावरही तेच.

मिस्तरी बंधूंनो, मेलेलं इंजिन सगळं सांगतं. माझ्यापेक्षा हे तुम्ही कितीतरी चांगलं जाणता. बेअरिंगच्या वाटीचं तांबं उघडं पडलं असेल तर ऑइल पोचलं नाही. मग चेंबरमधली जाळी पाहायची. तिच्यात गॅस्केट पेस्टचे रबरासारखे तुकडे सापडले तर आधी कोणी तरी हात सैल सोडून पेस्ट लावली होती आणि ती आत सुटून जाळीत बसली. एकाच पिस्टनच्या माथ्याला भोक पडलं असेल तर त्या सिलेंडरचं नोझल पंपासकट तपासायला द्यायचं, नाहीतर नव्या पिस्टनलाही तसंच भोक पडणार. चारही बोअर सारखे झिजलेले, रिंगा पात्यासारख्या धारदार झालेल्या आणि ऑइल खाणं वाढलेलं असेल तर एअर क्लीनरकडे जायचं. कापसाच्या आणि मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या आमच्या गाड्यांचा होसपाइप क्लिपजवळ चिरलेला असतो आणि धूळ थेट आत जाते. टाकीत गंज आणि पाणी असेल तर नवा पंपही सहा महिन्यांत जाईल. कारण बहुतेक वेळा इंजिनाच्या बाहेर बसलेलं असतं आणि इंजिन बदललं तरी ते गाडीतच राहतं.

यात आमचाही दोष आहे, तो मान्य करतो. आम्ही तुमच्या उंबऱ्यावर उभे राहून "कधी होईल, कधी होईल" करतो. उघडून पाहायला दोन दिवस मागितले तर आम्हाला वाटतं, मिस्तरी वेळ काढतो. तपासणीचे पैसे वेगळे सांगितले तर आम्ही तोंड वाकडं करतो. म्हणून आज लिहून देतो, तपासणीचे पैसे वेगळे लावा. एका जाणत्या माणसाच्या दोन दिवसांची मजुरी आणि बावन्न हजार, यातलं स्वस्त काय ते आम्हाला कळतं. आमच्याशी थोडं कडक बोला. "पहिले देखू, इंजिन मंग," असं म्हणणारा मिस्तरी मला पहिल्याच वेळी भेटला असता तर मी त्याच्यावर रागावलो असतो आणि त्याचे पैसे दिले असते.

आता कटिंगच्या इंजिनाविषयी. माझं स्वतःचं मत असं झालं आहे की ब्लॉक फुटलेला नसेल आणि क्रँक ग्राइंडिंगच्या मापात असेल, तर आपलंच इंजिन बांधावं. त्याचा इतिहास माहीत असतो, ते गिअरबॉक्सला जुळलेलं असतं आणि नंबर बदलत नाही. हे जमणारच नसेल तर हाफ इंजिन (हेडशिवायचं) किंवा फुल इंजिन आणावं, पण डोळे झाकून नको. व्यापारी बंधूंनो, "चालू गाडीतलं" या शब्दावर आम्ही हजारो रुपये मोजतो. नोझलच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलेंडरचे आकडे दाखवा. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, चौघे एकमेकांच्या जवळ असायला हवेत. एक बेअरिंग कॅप उघडून वाटी दाखवा. ऑइल भरायचं झाकण काढून चालू इंजिनात धूर किती फेकतंय ते दाखवा. जे इंजिन चालू करून दाखवता येत नाही त्याला चालू म्हणू नका.

आणि दुसऱ्याच जातीचं इंजिन बसवायचं म्हणाल, तर तिथे तुमचं शहाणपण कसाला लावून बघावं लागतं. माझ्या जीपचं मूळ इंजिन प्युजोचं, एक्सडीपी ४.९०. नावातच माप आहे: चार सिलेंडर आणि नव्वद मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक ८३, म्हणून २११२ सीसी. हे इंजिन फेऱ्यांवर ताकद देतं. त्याच्या जागी बरेच जण २५२३ सीसीचं डीआय टाकायला सांगतात. त्याचा बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६. लांब स्ट्रोकचं, हळू फिरणारं, खालून ओढणारं. शेतात ते उत्तम, मी नाकारत नाही. पण जुन्या डिफरन्शियलच्या रेशोवर ते रस्त्यावर लवकर दमतं, हे बसवण्याआधी गिऱ्हाइकाला कोण सांगतं?

फोर-व्हीलमध्ये तर याहून नाजूक गोष्टी आहेत. पुढचा एक्सल इंजिनाच्या खालीच वर-खाली होतो. चेंबरचा आकार बदलला की सपाट जागेवर सगळं ठीक दिसतं आणि नाल्यात चाक आदळलं की एक्सल चेंबरला ठोकतो. इंजिनाची बैठक, म्हणजे फाउंडेशन, वेल्डिंग करण्याआधी जॅक लावून एक्सल पूर्ण वर उचलून बघायला दहा मिनिटं लागतात. इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही बदलला तर ट्रान्सफर केस सरकतो. एक प्रोपेलर शाफ्ट आखूड आणि दुसरा लांब करावा लागतो. कापून जोडलेला शाफ्ट बॅलन्स न करता लावला की आधी थरथर येते आणि मग शाफ्टचा सांधा, म्हणजे क्रॉस, खातो. फॅनभोवतीचं कडं, म्हणजे काउल, बसत नाही म्हणून बरेचदा कोपऱ्यात टाकून देतात; मग फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच घुसळत राहतो, आणि आपल्या मे महिन्यात ते कसं परवडणार?

एक गोष्ट जिवाची आहे. डिझेल गाडीत ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पेट्रोलसारखा इंजिनातून आयता मिळत नाही, तो पंप बनवतो, आणि आपल्या बऱ्याच गाड्यांत तो पंप अल्टरनेटरच्या पाठीवर असतो. माझ्या ओळखीच्या एकाच्या गाडीत इंजिन बदलताना पंप नसलेला अल्टरनेटर लागला. गाडी चालू झाली, बॅटरी चार्ज झाली, सगळे खूश. पहिल्याच उतारावर त्याने पेडलवर दोन्ही पाय दिले तेव्हा गाडी थांबली. समोर बैलगाडी होती. गाडी दारातून सोडण्याआधी इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबून बघा, एवढं तरी प्रत्येकाने करावं.

कागदाचं थोडक्यात सांगतो. इंजिन बदललं की परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि आर.सी. वर नव्या इंजिनाचा नंबर लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. कंपनीने गाडीला जे मूळ ठरवून दिलं त्याहून वेगळा बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे, म्हणून दुसऱ्या जातीचं इंजिन टाकताना मालकाला हे आधी सांगायलाच हवं. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, १ एप्रिल २०२२ ला मोटारीची त्याची फी ६०० वरून ५००० झाली होती, आणि नूतनीकरणाच्या वेळी इंजिनाचा नंबर वाचला जातो. अपघात झाला तर विमावालाही तोच नंबर वाचतो. माझ्या कटिंगच्या इंजिनाच्या बिलावर लिहिलं होतं, "जुने इंजिन, एक नग." नंबर नाही, कोणत्या गाडीचं ते नाही. तीन चकरा मारल्यावर व्यापाऱ्याने जुनी वही काढली, तर वहीत इंजिनाचा नंबरही होता आणि ज्या गाडीतून काढलं तिचाही! बिलावर उतरवायला अर्धं मिनिट लागलं असतं. आणि नंबर घासलेलं इंजिन कितीही स्वस्त असलं तरी कृपा करून दुकानात ठेवू नका. त्यामागे कोणाची चोरीची गाडी असते आणि ठाण्यात उभा राहतो तो विकत घेणारा शेतकरी.

माझ्या गाडीचं शेवटी असं झालं. दुसऱ्या इंजिनाचा ब्लॉक चांगला निघाला. लायनर-पिस्टन नवे, हेड फेसिंग करून घेतलं, क्रँक फक्त पॉलिश. रेडिएटरची जाळी नवी, वॉटर बॉडी नवी, थर्मोस्टॅट बसवला, झाकण आणि चारही होसपाइप बदलले. पाणी भरताना मिस्तरींनी बोअरच्या पाण्याची बादली पायाने बाजूला सरकवली आणि निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर मोजून ओतलं. मग गाडी चालू ठेवून, झाकण उघडं ठेवून, आतली हवा पूर्ण निघेपर्यंत अर्धा तास तिच्यापाशी उभे राहिले. मला म्हणाले, "पाचशे किलोमीटर दाबू नको, आणि मग हेडचे बोल्ट पाहायला घेऊन ये." पाचशे झाल्यावर मी गेलो. त्यांनी एकेक बोल्ट टॉर्क पान्याने पाहिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

या वर्षी होळीला तीच माणसं घेऊन मी त्याच घाटाने वर गेलो. या वेळी पहिल्या गिअरमध्ये. काटा निम्म्याच्या खालीच राहिला. पाड्यावर उतरल्यावर बाबांनी आधी बॉनेटवर हात ठेवून पाहिला आणि मग ढोल खाली घेतला.

तुमच्याकडे मागतो ते जड नाही. उतरवलेलं इंजिन आठ दिवस तरी भंगारात घालू नका. मालकाला बोलवा, पिस्टन गोणपाटावर मांडा, रेडिएटरमधून पाणी सोडून दाखवा. बिलावर नंबर लिहा. जे कारण सापडलं ते बिलाच्या पाठीमागे एका ओळीत लिहून द्या. पुढच्या मिस्तरीला त्याचा उपयोग होईल. तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे शिकायला पोरं असतात. त्यांना इंजिन उचलायला शिकवता, तसं मेलेलं इंजिन वाचायलाही शिकवा. आमच्या तालुक्यांत अशा कितीतरी जुन्या जीपा अजून मालाला, मजुराला आणि अडल्या-नडल्याला दवाखान्यात न्यायला धावतात, आणि आमच्यातल्या बहुतेकांना नवी फोर-व्हील घेणं शक्य नाही.

माझ्या रेडिएटरची ती कापलेली जुनी जाळी मी टाकलेली नाही. क्षाराने बुजलेल्या नळ्या तिच्यात स्वच्छ दिसतात. गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवली आहे. गिऱ्हाइकाला दाखवायला कोणाला हवी असेल त्याने घेऊन जावी, काम झालं की परत आणून द्यावी.

आपला,
शहादा तालुक्यातला एक जीपवाला शेतकरी